ढेकूणफुलाचा पिवळा

सूनबाईने रंगाच्या कंपनीतली, प्रयोगशाळेतली नोकरी सोडून घरीच कपडे रंगवायचा धंदा काढायचं ठरवलं, तेव्हा लाँड्रीकाकूंना इतका आनंद झाला की त्या दोन दिवस कोणाशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी बोलल्या त्या थेट मशीनशी.

"ऐकलंस का," चादरी आत कोंबता कोंबता त्या म्हणाल्या, "तू आणि मी जन्मभर डाग काढत बसलो. आता घरातच डाग लावायचंही खातं उघडतंय. गिऱ्हाइकाला लांब जायला नको."

सूनबाई दारातच उभी होती. "आई, रंग आणि डाग यात फरक असतो," ती म्हणाली.

"असतो ना. डाग लावायला शिक्षण लागत नाही."

लाँड्री काकूंनी आणि काकांनी मिळून उभी केली होती. पुढे काउंटर, त्याच्यामागे काकांचं इस्त्रीचं टेबल, मग दोन मशिनं, मग घर आणि सगळ्यात मागे अंगण. त्या अंगणात दोऱ्यांच्या रांगा, आणि त्यांवर जवळच्या हॉटेलच्या पांढऱ्याशुभ्र चादरी. काका सकाळपासून इस्त्री करत. वर्षानुवर्षं मशीनच्या घरघरीत उभं राहून त्यांना ऐकू कमी यायला लागलं होतं, म्हणजे निदान काकूंचं तरी. चिरंजीव विमा कंपनीत होते. दिवसभर परक्यांच्या अपघातांची चौकशी करायचे आणि घरात अपघात घडला की मोबाइलमध्ये तोंड खुपसायचे.

सूनबाईने अंगणाचा कुंपणाकडचा अर्धा भाग मागून घेतला. काकूंनी तो मोठ्या मनाने दिला, म्हणजे महिनाभर नाही म्हणून मग दिला. तिथे तिने काही बिया फेकल्या. लावल्या नाहीत, नुसत्या फेकल्या, वर हात झटकले. काकूंनी एक बी उचलून तळहातावर घेतली. काळी, चपटी, कडेला जरा झालर.

"हे काय? ढेकूण?"

सूनबाई खूश झाली. "बरोबर ओळखलंत! कोरिओप्सिस नाव आहे याचं. ग्रीक शब्द आहे. अर्थ म्हणजे ढेकणासारखं दिसणारं. सूर्यफुलाच्या, डेझीच्या कुळातलं आहे. रानात आपोआप उगवतं. याच्या फुलांचा काय सुंदर पिवळा रंग निघतो!"

"वा," काकू म्हणाल्या. "लोक ढेकूण जावेत म्हणून औषध मारतात. आम्ही पेरतो."

त्या दिवसापासून ते कोरिओप्सिस काकूंच्या तोंडी ढेकूणफूल झालं, आणि मग गल्लीच्याही तोंडी.

पण ढेकूणफुलाला नावाची फिकीर नव्हती. ते गुडघ्याएवढं वाढलं, हडकुळ्या दांड्यांवर डुलायला लागलं आणि एके दिवशी अख्खं कुंपण पिवळं झालं. काही फुलं पूर्ण पिवळी, काहींच्या मध्यभागी गर्द तपकिरी ठिपका, काही तर मुळापासून टोकापर्यंत डाळिंबी. रस्त्याने जाणारे थांबून बघत. काकूही बघत, पण कोणी बघत नसताना. सूनबाई रोज सकाळी टोपलीभर फुलं खुडायची आणि जितकी खुडावीत तितकी दुसऱ्या दिवशी जास्त यायची. हा प्रकार काकूंना मुळीच पटला नाही. नुकसान केल्यावर भरभराट होणारी वस्तू त्यांनी आजवर एकच पाहिली होती, आणि ती विमा कंपनी होती.

मग वारा सुटला. वाऱ्याला पांढरी चादर आणि पिवळं फूल यांतलं अंतर कळत नाही. हॉटेलच्या चादरी दोऱ्यांवरून फडफडत कुंपणावर गेल्या, फुलांचे गालगुच्चे घेऊन आल्या, आणि संध्याकाळी काकूंनी पाहिलं तर प्रत्येक चादरीला पिवळे धब्बे.

"सूनबाई!" अशी हाक आली की काकांनाही ऐकू गेली.

सूनबाई धावत आली. चादरी बघून तिचं तोंड एवढंसं झालं. "सॉरी आई. मी धुते सगळ्या."

"छे छे, धुतेस कशाला? हॉटेलवाल्याला सांगू, हे धब्बे नैसर्गिक आहेत. त्यांवर झोपलेल्या पाहुण्यांना बागेत झोपल्यासारखं वाटेल."

शेवटी चादरी काकूंनीच पुन्हा धुतल्या. अंगणाच्या मधोमध त्यांनी एक आडवी दोरी बांधली. दोरीच्या अलीकडे चादरी, पलीकडे फुलं. फुलांनी दोरी ओलांडली की काकू कात्री घेऊन जात. चिरंजीवांनी एकदा दोरीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं आणि त्यांना ऑफिसमध्ये तातडीचं काम आठवलं. त्या दिवशी रविवार होता.

सूनबाईचे स्कार्फ मात्र खपायला लागले. काकूंना याचं फार नवल वाटलं. वाटेल तितक्या वेळा धुऊनही नवा दिसेल असा कपडा सोडून, पाना-फुलांचा काढा पाजलेला कपडा लोक हौसेने कसे घेतात, हे त्यांना कळेना.

एके दुपारी दुकानात गाण्याच्या बाई आल्या. या बाई नोकरीतून सुटलेल्या लोकांचं गायनमंडळ चालवायच्या. तीसेक माणसं, सगळ्यांना घरच्यांनी दुपारी बाहेर काढलेलं. त्यांना नगर सभागृहात कार्यक्रम मिळाला होता आणि बाईंच्या डोक्यात गळ्यातल्या एकसारख्या स्कार्फचं खूळ होतं. सूनबाईच्या गळ्यातला पिवळा पाहून त्या काउंटरवर ओणवल्या.

"हाच! लिंबासारखा फिका नको, हळदीसारखा भडक नको. हाच पिवळा हवा मला. पडदे निळे आहेत ना तिथे. निळ्यावर हा पिवळा म्हणजे... अहाहा."

"हळद घातली आहे का यात?" काकूंनी सूनबाईला आडून विचारलं. लाँड्रीवाल्या बाईला हळदीची भीती असते. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लालभडक होतो आणि मग उन्हात वाळवून वाळवूनच जातो.

"एक कणसुद्धा नाही," सूनबाई अभिमानाने म्हणाली. "फक्त फुलं आणि तुरटी."

काकूंनी हे नीट लक्षात ठेवलं. पुढे जे घडलं ते या लक्षात ठेवण्यामुळेच घडलं.

पुढचे काही दिवस घरात काय उकळतंय हे विचारायची सोय नव्हती. काकूंचं कपड्यांची खळ शिजवायचं मोठं पातेलं गेलं, ते गेलंच. सुती स्कार्फ आधी तुरटीच्या पाण्यात, मग फुलांच्या काढ्यात. घरभर ओल्या गवतासारखा वास. काका म्हणाले, "गोठ्यात आल्यासारखं वाटतंय," आणि काकूंना नवऱ्याच्या तोंडून बऱ्याच वर्षांनी एक शहाणं वाक्य ऐकल्याचं समाधान मिळालं. सगळे स्कार्फ रंगून दोरीच्या पलीकडे ओळीने लटकले. खरं सांगायचं तर छान दिसत होते. काकूंनी खरं सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सूनबाई आणि चिरंजीव तिच्या माहेरी जेवायला गेले. जाताना सूनबाई म्हणाली, "आई, स्कार्फ पूर्ण वाळू देत. कृपा करून कोणी हात लावू नका हं."

"मी कशाला हात लावू? माझे हात स्वच्छ आहेत."

आणि खरोखर त्यांनी हात लावला नसता. पण कुंपणावर एक कावळा येऊन बसला, इकडेतिकडे पाहिलं आणि कडेच्या स्कार्फवर आपलं मत नोंदवून उडून गेला.

काकू दोरीपाशी उभ्या राहिल्या. डाग बोटभर होता. त्यांच्या अंगणातून मळका कपडा बाहेर गेला असं आजवर झालेलं नव्हतं. सूनबाईचा धंदा वेगळा असेल, पण गल्लीत नाव लाँड्रीचं होतं. हात लावू नका असं ती म्हणाली होती, पण ते कावळा यायच्या आधी. काकूंनी स्वतःशी थोडा वाद घातला आणि नेहमीप्रमाणे जिंकल्या.

स्कार्फ त्यांनी टबात घेतला, वर धुण्याचा सोडा टाकला आणि पाण्यात बुडवला. डाग गेला. पिवळाही गेला. काकूंच्या हातात भाजलेल्या विटेसारखा लाल स्कार्फ होता आणि टबातलं पाणी नारिंगी झालं होतं.

"हळद नाही म्हणाली होती!" काकू टबाला म्हणाल्या.

पण हात कसलेले होते. हळदीचा लाल उन्हाने उतरतो, मग हाही उतरेल, म्हणून त्यांनी तो कडक उन्हात टाकला. वरचेवर जाऊन बघितलं. लाल वाळून आणखी खुलला. पिवळ्यांच्या ओळीत तो एकटा लाल असा दिसत होता, जसं काही कोणी मुद्दाम बोट दाखवतंय.

इथे काकूंच्या डोक्यात एक विचार आला. तीस जणांत एक लाल असला की कोणीही विचारेल, हा असा का? पण तीसच्या तीस लाल असले, तर लाल हाच रंग होता असं म्हणता येतं. सूनबाई म्हणेल पिवळे होते. काकू म्हणतील, कोण म्हणतं? एक माणूस एका बाजूला आणि तीस स्कार्फ दुसऱ्या बाजूला.

घाबरलेल्या माणसाला आपला विचार फार हुशारीचा वाटतो. काकूंनी सगळे स्कार्फ ओढून काढले, टबात सोडा वाढवला आणि एकामागून एक बुडवले. दुपारपर्यंत दोरीच्या पलीकडे अशी लाली फडकत होती की फुलंसुद्धा फिकी दिसायला लागली. चूक आपली नसती तर काकूंनी त्या रंगाचं कौतुकही केलं असतं.

काका पाणी प्यायला अंगणात आले. दोरीकडे बघत थांबले. "हे काल पिवळे होते ना?"

"तुमचे डोळे तपासून घ्या. कान गेलेच आहेत."

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि पुन्हा इस्त्रीकडे गेले. संसार टिकवायची त्यांची ही पद्धत होती.

सूनबाई परत आली ती सरळ अंगणात. काकू मागोमाग गेल्या, हातात उगाचच एक झाडू घेऊन. सूनबाई दोरीपाशी थांबली.

"उन्हाने झालेत बघ," काकू म्हणाल्या. "नैसर्गिक रंग ना हा. निसर्गाचा काय भरवसा! आज पिवळा, उद्या लाल. मी तर बाई बघून थक्कच झाले."

सूनबाईने एका स्कार्फचं टोक हातात घेतलं, हुंगलं आणि जिभेला लावलं.

"सोडा," ती म्हणाली.

"कोणता सोडा?"

"धुण्याचा."

काकू झाडायला लागल्या. झाडायला तिथे काही नव्हतं, तरी झाडत राहिल्या. त्यांना वाटलं, आता ही ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं, ओरडणाऱ्या माणसाला उलट ओरडता येतं. पण सूनबाईचे डोळे भरून आले आणि तिने ते पटकन बाहीला पुसले, आणि काकूंच्या हातातला झाडू थांबला. नेमकी तेवढ्यात दुकानातून हाक आली. गाण्याच्या बाई होत्या. त्यांना धीर धरवला नव्हता.

"दाखवा ना, दाखवा," म्हणत बाई घरातून थेट मागे आल्या आणि दारातच थिजल्या. "हे... लाल आहेत."

काकूंनी सुनेकडे पाहिलं. आता ही बोट दाखवणार आणि उद्या गल्लीभर होणार. लाँड्रीवाल्या काकूंनी सुनेचा धंदा बुडवला म्हणे. आणि त्यातलं सगळ्यात वाईट म्हणजे ते खरं असणार.

"हो, आज लाल आहेत," सूनबाई शांतपणे म्हणाली. "या फुलाची गंमतच ही आहे, बाई. त्याला खारं लागलं की ते लाल होतं, आणि आंबट लागलं की पुन्हा पिवळं. म्हटलं, तुम्हाला दोन्ही दाखवू. दोन मिनिटं थांबा."

ती स्वयंपाकघरातून वाटीत व्हिनेगर घेऊन आली आणि लाल स्कार्फचं टोक त्यात बुडवलं. टोक पिवळं झालं. लाल रंग काठाकडे सरकत पळाला, जसं काही कोणी त्याला हाकलत होतं. काकूंनी आयुष्यभर कपड्यांचं सगळं बघितलं होतं, पण गेलेला रंग माघारी येताना बघितला नव्हता.

"जादू!" बाई म्हणाल्या. "पण मला पिवळेच हवेत हो. पडदे निळे आहेत."

"पिवळेच मिळतील. परवा घेऊन जा."

बाई गेल्या. अंगणात सासू, सून आणि तीस लाल स्कार्फ उरले.

"व्हिनेगर संपलं," रिकामी बाटली हलवत सूनबाई म्हणाली.

काकू पिशवी घेऊन कोपऱ्यावरच्या वाण्याकडे गेल्या. फळीवर होत्या तेवढ्या बाटल्या त्यांनी काउंटरवर उतरवल्या.

"काकू, लोणच्याचा कारखाना काढताय का?" वाण्याने विचारलं.

"हो. पहिली फोड तुमची घालणार आहे."

तिसरा प्रहर सगळा त्या दोघींनी टबाशी काढला. सूनबाई व्हिनेगरच्या पाण्यात स्कार्फ सोडायची, काकू पिळून झटकायच्या. व्हिनेगरच्या वाफेने दोघींचे डोळे चुरचुरत होते, त्यामुळे कोणाच्या डोळ्यांत पाणी कशामुळे आहे हे ठरवायची गरज पडली नाही. पिवळा परत आला, पण हुबेहूब पहिला नाही. किंचित मातकट, किंचित जुना, जसं काही तो मध्ये कुठे जाऊन आला होता.

बऱ्याच वेळाने काकूंनी विचारलं, "तिला सांगितलं का नाहीस?"

"काय सांगायचं?"

"जे सांगायचं ते."

सूनबाईने एक स्कार्फ उलटा करून पाहिला. "सांगितलं असतं तर माझं काम वाचलं नसतं. आणि तुम्ही मला जन्मात माफ केलं नसतं."

काकूंना हे लागलं. लागायचं कारण म्हणजे त्यात खोट काढायला जागा नव्हती. खरंच केलं नसतं. चूक करणाऱ्यापेक्षा चूक पाहणाऱ्यावर राग धरणं सोपं असतं, आणि त्यांनी ते बऱ्याच वेळा केलं होतं, बहुतेक वेळा काकांवर.

"तुझी आई बरी आहे ना?" एवढंच त्या म्हणाल्या. सूनबाई आली तेव्हा विचारायचं राहून गेलं होतं.

"बरी आहे. तुमची चौकशी करत होती."

"माझं कसलं काय विचारायचं. मी मजेत. दिवसभर कपडे बुडवते, संध्याकाळी काढते."

सूनबाई हसली. त्या दिवसातलं ते पहिलं हसू होतं आणि ते आपल्यामुळे आलं याचा काकूंना इतका आनंद झाला की त्यांनी लगेच तिच्यावर खेकसून टाकलं, "नीट पिळ! पाणी गळतंय."

कार्यक्रमाला घरातले सगळे गेले. निळा पडदा, त्यापुढे तीसेक पिकलेली माणसं, प्रत्येकाच्या गळ्यात पिवळा स्कार्फ. खरोखर, अहाहा. फक्त पहिल्या रांगेपर्यंत व्हिनेगरचा वास येत होता. एका आजोबांना दुसऱ्या कडव्यात शिंक आली आणि मग ती साथीच्या रोगासारखी रांगेत पसरली. प्रेक्षकांना वाटलं तो गाण्याचाच भाग आहे आणि त्यांनी तिथेच टाळ्या वाजवल्या. मागे कोणीतरी म्हणालं, "बाहेर खायला काहीतरी आहे वाटतं, आंबटसा वास येतोय." काकूंनी वळून त्या माणसाकडे असं बघितलं की त्याची भूक मेली असावी.

शेवटी गाण्याच्या बाईंनी व्यासपीठावरून आभार मानले आणि स्कार्फ ज्यांनी रंगवले त्यांना उभं राहायला सांगितलं. सूनबाई उभी राहिली. तिने खाली वाकून काकूंचा दंड धरला.

"मला कशाला?" काकू कुजबुजल्या.

"तुमचाही हात लागला आहे ना."

काकूंनी तिच्याकडे बघितलं. चेहरा साधा होता, निष्पाप होता, आणि आतून पोरगी पोट धरून हसत होती. हा बोलण्याचा सूर काकूंच्या ओळखीचा होता. इतकी वर्षं तो घरात एकट्या त्यांच्याकडेच होता. त्या उभ्या राहिल्या, टाळ्या घेतल्या आणि बसताना पुटपुटल्या, "शिकलीस हो चांगली."

घरी परतताना चिरंजीव गाडी चालवत होते, काका शेजारी बसून पेंगत होते. मागे सासू आणि सून. मग काकू खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "सोडा मी टाकला होता."

"अगं बाई!" सूनबाईने तोंडावर हात ठेवला. "खरं की काय?"

"चावटपणा पुरे. एका कावळ्यामुळे झालं सगळं. आणि बाकीचे बुडवले तेव्हा माझी अक्कल गेली होती." त्यांना पुढे आणखी काही म्हणायचं होतं. तो शब्द घशापर्यंत आलाही, पण तिथे त्याने असा काही ठिय्या दिला की निघेना. "तुला त्रास झाला," एवढं त्या म्हणाल्या.

"झाला," सूनबाई म्हणाली. तिने नाही म्हटलं नाही, आणि काकूंना ते बरं वाटलं.

समोरून दिवे येत होते, जात होते. जरा वेळाने सूनबाईने सांगितलं की एका नर्सरी शाळेच्या बाई तिला व्यासपीठामागे भेटल्या, त्यांना पडदे रंगवून हवेत, आणि पडद्यांचं कापड जड असतं, एकटीला पिळवणार नाही.

"तू पिळतेस कुठे?" काकू म्हणाल्या. "तू कुरवाळतेस. दोघींनी दोन टोकं धरून उलट्या दिशेने पीळ द्यायचा असतो. दाखवते उद्या. सकाळी लवकर ऊठ, हॉटेलच्या चादरी यायच्या आत."

"किती वाजता?"

"मी उठवीन," काकू म्हणाल्या, आणि सूनबाईच्या खांद्यावरून घसरलेला स्कार्फ त्यांनी नीट केला, कारण तो खरंच फार चुरगळला होता.